विष्णु दिगंबर पलुसकर

विष्णु दिगंबर पलुसकर (जन्म : कुरुंदवाड, १८ ऑगस्ट १८७२, मृत्यू : मिरज, २१ ऑगस्ट १९३१) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक व स्वरलेखनपद्धतीचे प्रवर्तक होते.

जीवन

सांगली जिल्ह्यातील पलूस या गावावरून घराण्यास पलुसकर हे नाव पडले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याने डोळ्यांना इजा होऊन विष्णूंची दृष्टी अधू झाली व शालेय शिक्षण खुंटले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. १८९६ मध्ये मिरज सोडून ते देशाटनास निघाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली.

स्वरलेखन

त्या काळी विद्या गुरुमुखातूनच मिळे व चिजा सहसा शिष्यपरिवाराबाहेर जात नसत. वर्गात अनेकांना एकाच वेळी शिकवायचे, तर चीज कागदावर उतरणे आवश्यक होते. त्यासाठी पलुसकरांनी प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ दाखविणारे चिन्ह योजिले : दोन मात्रांस गुरू, एकीस लघू, अर्धीस द्रुत, पाव मात्रेस अणुद्रुत. समेसाठी १ हा अंक, खालीसाठी अधिक चिन्ह आणि इतर टाळ्यांसाठी त्या त्या मात्रेचा क्रमांक लिहिला जाई.

विषम खंडांच्या तालांत या योजनेचा उपयोग स्पष्ट होतो. झपतालाच्या दहा मात्रा २-३-२-३ अशा, तर धमाराच्या चौदा ५-२-३-४ अशा विभागलेल्या असतात. पाश्चात्त्य लेखनात असे खंड स्वतंत्र मानले, तर प्रत्येक वेळी तालमान बदलून लिहावे लागेल. येथे संपूर्ण आवर्तन हेच एकक असल्याने झपतालात १, ३, अधिक चिन्ह व ८ एवढ्या खुणांवरून खंड कळतात. सहाव्या मात्रेवर खाली येते.

मूल्यमापन

ही पद्धत काळाच्या बाबतीत काटेकोर, परंतु चिन्हबहुल होती. विष्णु नारायण भातखंडे यांची सुटसुटीत पद्धत अधिक रूढ झाली. पलुसकरांच्या परंपरेतही पुढे चिन्हे सोपी करण्यात आली. मिंड, गमक व श्रुतींचे बारकावे मात्र दोन्ही पद्धतींत गुरूवाचून पूर्णपणे उलगडत नाहीत.

कर्जामुळे मुंबईतील संस्थेची वास्तू हातची गेली. तथापि ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर आदी शिष्यांनी कार्य चालू ठेवले. गुरूंच्या निधनाच्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर (१९२१–१९५५) हेही नामवंत गायक झाले.