पंडिता रमाबाईंचे ऋण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव निवडले. हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे नेहमी एक अडचण होते. काहीजणी त्यांच्या विद्वत्तेचे गुणगान करतात आणि धर्मांतराचा विषय निघाला की गप्प बसतात. काहीजणी धर्मांतरापाशीच थांबतात आणि पुढच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या कामाकडे पाहतच नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही, असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यासाठी स्वजातीयांचा रोष पत्करला. पुढे त्या माउलीने आपल्या धाकट्या लेकीला पहाटे उठवून शिकविले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंदुस्थानभर हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते बंगाली आणि परजातीचे होते. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी आणि पाठीशी माहेर नाही. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाई रानडे त्यांच्या व्याख्यानांना जात. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात, असे सांगितले.

वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात या बातमीने मोठा धक्का बसला. ज्या बाईने शास्त्रीपंडितांना चकित केले, तिनेच आपला धर्म सोडावा, हे अनेकांना सोसवले नाही.

परंतु येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती मुद्दाम सांगते. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाई इंग्रज धर्मगुरूंच्या मुठीत गेल्या, असे मुळीच झाले नाही. त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत का नको, असा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती मतातील जी तत्त्वे त्यांच्या बुद्धीला पटली नाहीत, ती त्यांनी केवळ वडीलधारे सांगतात म्हणून मानली नाहीत. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशीही पत्रांतून कडक वाद झाले. पुरुषांना शिकविण्याचे काम त्यांनी करू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्या संतापल्या. म्हणजे ज्यांचा धर्म घेतला त्यांच्याशीही त्यांचे पटले नाही. तरी सिस्टर जेराल्डिन यांचा लोभ सुटला नाही. ही भांडणाची पत्रे त्यांनीच जपून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. आनंदीबाईंनी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते आणि तो शब्द पाळला होता. एक धर्म बदललेली, दुसरी तो निष्ठेने सांभाळणारी, अशा या दोघी नात्यातल्या बायका परमुलखात एकमेकींच्या आनंदात सामील झाल्या. मला या चरित्रातील हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेत रमाबाईंनी हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. मुलींना आपले सोवळेओवळे, उपासतापास, पूजाअर्चा पाळण्याची मोकळीक होती. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून होती. १८९० साली सदन पुण्यास आले.

त्या काळचे पुणे कसे होते, हे ध्यानात घ्यायला हवे. त्याच १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. जेथे पेलाभर चहाने एवढे वादळ उठे, तेथे विधवा मुली एका ख्रिस्ती बाईच्या हाती सोपविणाऱ्या आईबापांची छाती केवढी असेल! रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. कोणत्याही मुलीला त्या बोलावीत नसत. पण मायेने वागणाऱ्या बाईंजवळ मुली आपणहून जाऊन बसू लागल्या. काहींची मने तिकडे वळू लागली. ‘केसरी’ने टीकेचे रान उठविले. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडला आणि पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या.

या वादात कोणाचे बरोबर? रमाबाईंनी स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून, चोरून का करावी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण शाळेत धर्माची शिकवण नाही, या विश्वासावर मुली धाडणाऱ्या पालकांची काळजीही खोटी नव्हती. दहाबारा वर्षांच्या, घरात वाळीत पडल्यासारख्या राहिलेल्या मुलीला जी बाई प्रथमच जवळ घेते, तिचा देवही तिला आपला वाटणारच. तेथे शिकवणीची गरज कुठली? म्हणून मी या प्रकरणात कोणालाच खलनायक ठरवीत नाही. दुःख एवढेच, की मोठ्यांचा विश्वास तुटला आणि काही मुलींचे शिक्षण मध्येच थांबले.

गोदूबाईंचे काय झाले? ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. याच आपल्या बाया कर्वे. त्यांनी हिंदू धर्म सोडला नाही आणि पंडिताबाईंविषयीची कृतज्ञताही सोडली नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा हिंदू पालकांना धर्माची धास्ती वाटू नये याची काळजी घेतली. आणि या कामातील रमाबाईंचे अग्रेसरत्वही मोकळेपणाने मानले. मतभेद होता, म्हणून दुसरी संस्था निघाली. तिच्यातून हिंगण्याचे केवढे कार्य उभे राहिले, हे सांगायला नको. वाद करावा तर असा करावा.

रमाबाई पुढे आपल्या वाटेने गेल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती, तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सारे बायका चालवीत. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकविले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. येथे आधीची अट नव्हती, त्यामुळे कोणाची फसगतही नव्हती.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. अडाणी बाईला कळावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तेही दुःख पोटात घालून त्यांनी काम चालू ठेवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

भगिनींनो, आपल्या मंडळात हळदीकुंकवाला येणाऱ्या आहेत, तशा रविवारी देवळात प्रार्थनेला जाणाऱ्याही आहेत. एखादीची श्रद्धा आपल्याला पटली नाही तर तसे सांगण्यात पाप नाही. रमाबाई स्वतः कोणाचे ऐकून गप्प बसल्या नाहीत. पण बायांप्रमाणे आपला धर्म सांभाळून दुसरीचे उपकार स्मरता येतात, हेही या चरित्रात आहे. विधवेच्या हाती पाटी देण्यासाठी ज्या झिजल्या, त्यांचे ऋण आपणा सर्वजणींवर आहे. ते धर्म विचारून फेडायचे नसते.