मंगळवेढ्याचे दामाजीपंत

बिदरच्या किल्ल्याशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख शाळेच्या सहलीमुळे होते. किल्ला पाहावा, महमूद गवानाचा मदरसा पाहावा, सावलीत बसून डबे उघडावे आणि परतावे, हा आपला नेहमीचा क्रम. परंतु याच बिदरच्या दरबारी एकदा धान्याच्या हिशेबापायी एका सज्जन अधिकाऱ्याचे प्राण पणास लागले होते, अशी कथा आपले आजोबा-पणजोबा सांगत आले. ते अधिकारी म्हणजे मंगळवेढ्याचे दामाजीपंत.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहामनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरास आणली. मंगळवेढे त्यांच्याच अमलाखाली होते. तेथील काळी जमीन ज्वारीची खाण. 2016 साली या ज्वारीस भौगोलिक मानांकनही लाभले. सरकारी धान्याची कोठारे पंतांच्या ताब्यात होती. ते त्यांचे राखणदार होते, धनी नव्हते. पुढील सारे संकट या एका भेदातून उभे राहिले.

1460 साली पावसाने दगा दिला आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्याआधीच्या मोठ्या दुष्काळास लोकांनी दुर्गादेवीचे नाव दिले होते. या दुष्काळास मात्र दामाजीपंतांचे नाव मिळाले. देवीच्या जागी एका सरकारी नोकराचे नाव लोकांच्या जिभेवर बसावे, याचे आम्हांस फार नवल वाटते.

संतचरित्रकार महिपतींनी 1762 साली रचलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आली आहे. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण पंतांच्या घरी जेवावयास बसला. पण घरची उपाशी मुलेबाळे आठवून त्याच्या घशाखाली घास उतरेना. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठविले. ही वार्ता पसरली आणि भुकेल्यांची रीघ लागली. एकास देणे सोपे होते. पण दाराशी आलेल्या शेकडोंना काय सांगावे? पंतांनी पत्नीशी विचार केला आणि कोठारांची दारे उघडली. याचा परिणाम त्यांस ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. त्या वर्षी बिदरच्या गादीवर हुमायूनशहा होता, आणि इतिहासाने त्यास ‘जालीम’ हेच नाव दिले आहे.

हाताखालच्या अंमलदाराने बिदरास कळविले. त्यास आपण दुष्ट ठरवितो. वस्तुतः हिशेब कळविणे हे त्याचे कामच होते. पंतांना पकडून नेण्यास शिपाई आले. वाटेत पंतांनी पंढरपुरास विठ्ठलाचे दर्शन मागून घेतले. इकडे दरबारी विठू महार नावाचा एक मनुष्य मोहरांची थैली घेऊन आला, त्याने धान्याची सारी किंमत मोजून दिली आणि पावती घेऊन तो निघून गेला. ती पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली!

विठू म्हणजे प्रत्यक्ष विठ्ठल, अशी भक्तांची श्रद्धा. चमत्काराचा वाद आम्ही येथे घालीत नाही. मात्र एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ज्यांस देवळाबाहेर उभे राहावे लागले ते संत चोखामेळाही याच मंगळवेढ्याचे. तेथेच गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला. लोकांनी आपल्या पंतांना सोडविण्यासाठी देवाला दरबारी पाठविले, ते चोखोबांच्याच जातीच्या वेषात. शेकडो वर्षे ही कथा सांगताना व ऐकताना कित्येकांस मनातल्या मनात खजील व्हावे लागले असेल.

सुटका झाल्यावर पंतांचा मान वाढला असता. पण त्यांनी चाकरी सोडली आणि उरलेले आयुष्य पंढरपुरी विठ्ठलसेवेत घालविले, असे सांगतात. मंगळवेढ्यात त्यांचे मंदिर आहे. पंढरपुराहून ते सुमारे 25 किलोमीटर पडते. आपल्याकडून पंढरीस जाणारी कुटुंबे वाट थोडी वाकडी करून तेथे जाऊ शकतात.