कमलाबाई निंबकर

कमलाबाई निंबकर ह्या जन्माने अमेरिकन. पूर्वीचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर ह्यांच्याशी विवाह होऊन त्या कमलाबाई झाल्या. १९५० साली त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशिया खंडातील ती पहिलीच.

दुखणे वैद्य हटवितो. परंतु अर्धांगाने एक बाजू गेलेल्या मनुष्याने सदरा घालावा कसा? लुळा हात आधी बाहीत घालावा, मग धड हात. बोटे वळत नसल्यास चमच्यास जाड मूठ बसवावी. ही विद्या ती हीच. वाचकहो, कोल्हापुराकडील आपल्या खेड्यांत अशास घरची माणसे मायेने घास भरवितात, आणि उरलेली शक्तीही त्या मायेनेच निजते!

१९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारकांचा संघ स्थापन झाला, त्याच्या पहिल्या अध्यक्ष कमलाबाईच. त्या १९७९ साली वारल्या.