गिटारचा शिल्पकार : अंतोनियो दे तोरेस

स्पेन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर अल्मेरिया हे शहर वसलेले आहे. त्या शहराजवळच्या एका खेड्यात १८१७ साली अंतोनियो दे तोरेस याचा जन्म झाला. वडील करवसुलीच्या कामावर होते. घरची स्थिती बेताचीच. त्यामुळे बाराव्या वर्षीच अंतोनियो सुताराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. करवत, रंधा आणि पटाशी हीच त्याची पाटी-पुस्तके झाली.

तारुण्यात त्याच्यावर एकामागून एक संकटे कोसळली. लवकर विवाह झाला, संसाराचा भार पडला, कर्ज वाढत गेले. दोन अपत्ये दगावली आणि १८४५ साली पत्नीही क्षयरोगाने वारली. पुढे तो सेव्हिल शहरी आला आणि तेथे गिटारी बनवू लागला. हुलियान आर्कास या नामांकित वादकाने त्याला या कामी उत्तेजन दिले.

त्या काळच्या गिटारी लहान असत व त्यांचा आवाजही नाजूक असे. तो भरदार कसा होईल, या विचाराने तोरेसला घेरले. नुसती ताणलेली तार छेडली, तर तिचा आवाज क्षीण येतो. कारण बारीक तार भोवतालची हवा फारशी हलवू शकत नाही. परंतु तारेचा कंप घोडीवाटे तबलीत, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीत उतरला, की ती रुंद फळी थरथरू लागते. तिच्याबरोबर पेटीतील हवाही थरथरते आणि स्वर मोठा होऊन बाहेर पडतो. आपल्या तंबोऱ्याला भोपळा असतो, तोही याचसाठी.

तबली सहज थरथरावी म्हणून ती पातळ हवी. पण फार पातळ केली, तर तारांच्या ताणाने ती वाकणार. हा पेच तोरेसने मोठ्या कौशल्याने सोडविला. तबलीसाठी त्याने स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड घेतले. ते वजनाला हलके, तरीही ताठ असते. ते पातळ तासून त्याने तबलीला किंचित फुगीर आकार दिला आणि तिच्या आतील बाजूस सात बारीक पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे चिकटविल्या. अशा पट्ट्या पूर्वीचे काही कारागीरही लावीत. परंतु त्यांची मांडणी तोरेसने पूर्णत्वास नेली. पेटीही त्याने मोठी केली. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले.

गिटारची पाठ आणि बाजू शिसवीसारख्या मौल्यवान लाकडाच्या करण्याची चाल होती. तिच्या स्वराचे रहस्य त्या लाकडात आहे की तबलीत? याचा निकाल लावण्यासाठी १८६२ साली तोरेसने एक विलक्षण गिटार बनविली. तबली नेहमीप्रमाणे उत्तम लाकडाची. पाठ आणि बाजू मात्र चक्क पुठ्ठ्याच्या! त्या पेटीतूनही गिटारचा सूर उमटला. पाठीच्या लाकडाने स्वरात थोडाफार फरक पडतो, पण गिटारचा प्राण तबलीत आहे, हे त्याने प्रत्यक्ष दाखवून दिले. ती गिटार बार्सेलोना येथील संगीत-संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

१८६९ साली फ्रान्सिस्को तारेगा हा सतरा वर्षांचा तरुण त्याच्याकडे साधीशी गिटार घेण्यास आला. त्याचे वादन ऐकून तोरेसने स्वतःसाठी बनवून ठेवलेली गिटार त्याला दिली, असे सांगतात. पुढे तारेगा थोर वादक झाला आणि तोरेसच्या गिटारची कीर्ती सर्वत्र पसरली.

कीर्ती मिळाली, पण पैसा मिळाला नाही. १८७० च्या सुमारास तोरेस अल्मेरियाला परतला आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवू लागला. तथापि लाकडाची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. १८७५ पासून त्याने पुन्हा हत्यारे हाती घेतली, ती अखेरपर्यंत खाली ठेवली नाहीत. आपली विद्या मागे ठेवावी, असे एका परिचित धर्मगुरूने त्याला विनविले. तेव्हा, तबली योग्य तेवढी पातळ झाली की नाही, हे आपल्या अंगठ्याला आणि तर्जनीलाच कळते. ते दुसऱ्याला देता येत नाही, असे त्याने खेदाने सांगितले.

१८९२ साली अल्मेरिया येथे तोरेसचे निधन झाले. बोटांची ती जाण त्याच्याबरोबर गेली. परंतु त्याने घालून दिलेली घडण राहिली. अभिजात संगीताच्या बहुतेक गिटारी आजही तिच्याच आधारे घडविल्या जातात. एका गरीब सुताराने चिकाटीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जगभर त्यांच्या स्वरांतून ऐकू येत आहे.