बटईदाराचं पोरगं जगज्जेता झालं, पण दोरी मुकादमाच्याच हाती राहिली : बॉक्सर सोनी लिस्टनची गोष्ट

आपल्याकडं गावोगावच्या जुन्या माणसांचे शाळेचे दाखले काढून बघितले, तर निम्म्याअर्ध्यांचा जन्म १ जूनचा निघतो. आईबापाला तारीख माहीत नसायची, मग गुरुजी शाळा उघडायच्या महिन्यातली तारीख टाकून मोकळे व्हायचे. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात जन्मलेल्या चार्ल्स ऊर्फ सोनी लिस्टनच्या नशिबात तेवढंही नव्हतं. जन्माची नोंद नाही आणि लहानपणी शाळाही नाही, मग तारीख लिहिणार कोण? १९४० च्या जनगणनेत त्याचं वय १० वर्षं लिहिलंय. पुढं तो ८ मे १९३२ ही तारीख सांगायचा. खरं वय त्याच्या मरणानंतरही ठरलं नाही.

हाच सोनी लिस्टन १९६२ ते १९६४ या काळात बॉक्सिंगमधल्या सगळ्यात वजनदार गटाचा, म्हणजे हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. बहुतेक मोठे बॉक्सर आधी बरीच वर्षं हौशी सामने खेळतात आणि मग पैशाच्या लढतीत उतरतात. लिस्टननं हौशी म्हणून जेमतेम काही महिने काढले आणि थेट धंदेवाईक रिंगणात उडी घेतली. त्याच्याकडं ताकद होती, डावपेच तो भराभरा शिकलाही. मात्र मधली वर्षं गेली नाहीत म्हणून जे हुकलं, ते त्याला आयुष्यभर भरून काढता आलं नाही.

दोन डझन भावंडं आणि कापसाचं रान

लिस्टनचा बाप टोब १९१६ च्या सुमारास बायको हेलनला घेऊन मिसिसिपी राज्यातून आर्कान्सात आला. जमीन मालकाची आणि कष्ट यांचे, असा वाट्याचा कारभार. बियाणं, अवजारं, घरखर्च सगळं मालकाकडून उधार घ्यायचं आणि कापूस निघाल्यावर हिशेब करायचा. हिशेबाची वही मालकाची, त्यामुळं अशा शेतीत वर्षाच्या शेवटी बटईदाराच्या हातात फारसं काही उरत नसे. बटईनं शेती केलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

टोबला दोन बायकांपासून मिळून दोन डझनांच्या वर लेकरं झाली. सोनी शेवटून दुसरा. हाताला काम झेपायला लागलं तसा तो रानात गेला. बाप मारकुटा होता. त्या माराचे वळ सोनीच्या पाठीवर मोठेपणीही दिसायचे.

पुढं आई काही लेकरांना घेऊन सेंट लुईस शहरात कामाला गेली. सोनी बापाजवळ राहिला. तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा असावा. एक दिवस पहाटे उठून त्यानं मेहुण्याच्या झाडाची पिकन नावाची अक्रोडासारखी फळं झोडपून पाडली, फॉरेस्ट सिटी या जवळच्या गावात नेऊन विकली आणि त्या पैशात सेंट लुईस गाठलं. आई सापडली. तिथं तो शाळेतही जाऊन बसला, पण एवढं मोठं पोरगं आणि अक्षर येत नाही म्हणून बाकीची पोरं हसायला लागली. त्यानं शाळा सोडली ती कायमचीच.

लिहिता-वाचता येत नाही, काम कधी मिळतं कधी नाही, अंग मात्र बैलासारखं वाढलेलं. टोळक्यात बसणं-उठणं सुरू झालं आणि मग लूटमार. प्रत्येक वेळी अंगात तोच पिवळा शर्ट असल्यानं पोलिसांना त्याला ओळखणं सोपं गेलं. जानेवारी १९५० मध्ये तो पकडला गेला. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि जूनमध्ये मिसुरी राज्याच्या तुरुंगात रवानगी झाली.

तुरुंगात सापडली तालीम

तुरुंगाबद्दल लिस्टननं कधी तक्रार केली नाही. तिथं तीन वेळचं जेवण ठरलेलं होतं आणि ते त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. कैद्यांच्या खेळांचं काम बघणारे पाद्री फादर अलॉइस स्टीव्हन्स यांनी त्याला बॉक्सिंगचे हातमोजे घालायला लावले. थोड्याच दिवसांत तुरुंगात त्याच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. त्याची ताकद जोखायला म्हणून फादरनी बाहेरून थर्मन विल्सन नावाचा धंदेवाईक बॉक्सर आणला. दोन फेऱ्या झाल्या आणि विल्सननंच आता बास म्हणून सांगितलं.

३१ ऑक्टोबर १९५२ रोजी लिस्टन पॅरोलवर सुटला.

दहा महिन्यांत थेट धंद्यात

हौशी बॉक्सिंग म्हणजे आपल्या तालमीतला आणि शालेय स्पर्धेतला काळ समजा. लढत तीन फेऱ्यांची, पैसा नाही, पण वस्ताद असतो, संघटना असते, वेगवेगळ्या जोडीदारांशी खेळून अनुभव येतो. हरलं तरी फार बिघडत नाही. धंदेवाईक लढत लांब चालते. जगज्जेतेपदाची लढत त्या काळी १५ फेऱ्यांची असायची. तिथं नुसती ताकद पुरत नाही. पैसा कसा येतो, करार कोण करतो, समोरचा जोडीदार कोण ठरवतो, हेही कळावं लागतं.

लिस्टनचा हौशी काळ वर्षभराचाही नाही. तेवढ्यातही त्यानं कमाल केली. मार्च १९५३ मध्ये शिकागोच्या गोल्डन ग्लोव्हज स्पर्धेत त्यानं एड सँडर्सला हरवलं. सँडर्स म्हणजे आदल्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हेवीवेटचं सुवर्ण जिंकलेला गडी. याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं. पुढं राष्ट्रीय हौशी स्पर्धेत लिस्टन एक लढत हरला, पण जूनमध्ये एका जर्मन बॉक्सरला त्यानं पहिल्याच फेरीत आडवं केलं.

२ सप्टेंबर १९५३ रोजी त्यानं पहिली धंदेवाईक लढत खेळली आणि तीही पहिल्याच फेरीत संपवली. तुरुंगाच्या दारापासून इथपर्यंत फक्त दहा महिने.

त्याच्यासमोर पुढं उभे राहिलेले दोन मोठे बॉक्सर बघितले की फरक कळतो. फ्लॉइड पॅटरसन हेलसिंकीतला सुवर्णविजेता, हौशी काळापासून एकाच वस्तादाच्या हाताखाली वाढलेला. कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मोहम्मद अली, बाराव्या वर्षी हातमोजे घातलेला, शंभराच्या आसपास हौशी लढती जिंकलेला आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. तो धंद्यात उतरला तेव्हा त्याच्या लुईव्हिल गावच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन त्याच्याशी रीतसर करार केला.

लिस्टनचा करार ज्याच्याशी झाला, तो वरवर बघता एक वर्तमानपत्रवाला होता. मागं सेंट लुईसचा गुंड जॉन व्हिटाले होता. पुढं लिस्टनचा मोठा हिस्सा फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या माफियांच्या हातात गेला. त्या काळी बॉक्सिंगच्या धंद्यावर त्यांचीच पकड होती. पॅरोलवरच्या, निरक्षर, काळ्या कातडीच्या तरुणाकडं दुसरा गिऱ्हाईक आला नाही. कापसाच्या मालकाकडून सुटला आणि मुकादमाच्या हाती लागला, असंच म्हणावं लागेल.

शिकला, पण लढता लढता

बाकीचे जे हौशी काळात शिकतात, ते लिस्टन पैशाच्या लढतीत मार खाऊन शिकला. सप्टेंबर १९५४ मध्ये मार्टी मार्शलनं त्याचा जबडा मोडला. मोडक्या जबड्यानं तो आठ फेऱ्या पुऱ्या लढला आणि गुणांवर हरला. नंतर त्याच मार्शलला त्यानं दोनदा हरवलं.

१९५६ मध्ये एका पोलिसाशी भांडण झालं. पोलिसाचा गुडघा मोडला, पिस्तूल हिसकावलं गेलं. पुन्हा शिक्षा झाली आणि १९५७ हे अख्खं वर्ष तो रिंगणाबाहेर राहिला. परत आला तो मात्र कुणाला आवरेना. दोन्ही हात पसरले तर लांबी ८४ इंच, म्हणजे सात फूट भरायची. त्याचा डाव्या हाताचा सरळ ठोसाच दुसऱ्याच्या उजव्या हाताइतका बसायचा. क्लीव्हलंड विल्यम्स, झोरा फॉली असे नावाजलेले बॉक्सर तीन फेऱ्यांच्या आत पडले.

बॉक्सिंगमधल्या माफियांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या समितीपुढं १९६० मध्ये लिस्टनलाही बोलावलं गेलं. आपल्याला वाचता येत नाही, हे त्या भरल्या सभेत उघड झालं. ज्याला करार वाचता येत नाही, त्याचा मालक कोण हे त्यालाच विचारलं जात होतं.

जगज्जेता उतरला, विमानतळ रिकामा

२५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत लिस्टननं पॅटरसनला २ मिनिटं ६ सेकंदांत झोपवलं आणि तो जगज्जेता झाला. तो तेव्हा फिलाडेल्फियात राहायचा. परतताना विमानात त्यानं लोकांपुढं काय बोलायचं याची तयारी केली होती. यापुढं नीट वागायचं, लोकांना लाज वाटेल असं काही करायचं नाही, असं त्याच्या मनात होतं. विमानतळावर उतरला तर स्वागताला गर्दीच नाही. मोजके वार्ताहर तेवढे उभे होते. दहा वर्षांपूर्वी खाशाबा कांस्यपदक घेऊन आले तेव्हा त्यांच्यासाठी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. इथं जगज्जेत्याला हार घालायला कुणी नव्हतं.

१९६३ मध्ये पॅटरसनला त्यानं पुन्हा पहिल्याच फेरीत हरवलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये मियामीत समोर क्ले आला. सगळे लिस्टनच जिंकणार म्हणत होते. सहा फेऱ्यांनंतर खांदा दुखावल्याचं कारण सांगून तो खुर्चीवरून उठलाच नाही. मे १९६५ मध्ये लुइस्टन गावी दुसरी लढत झाली, तीत तो पहिल्याच फेरीत पडला. ठोसा लागलेला बऱ्याच जणांना दिसलाच नाही. लढत आधीच ठरलेली होती, ही चर्चा आजही संपलेली नाही. सिद्ध मात्र काही झालं नाही. दुसऱ्या एखाद्या बॉक्सरवर लोकांनी कदाचित विश्वास ठेवला असता. पण लिस्टनच्या मागं कोण उभं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतरही तो लढत राहिला. एकूण ५४ लढती, ५० विजय. शेवटची लढत जून १९७० मध्ये जिंकली. ५ जानेवारी १९७१ रोजी बायको जेराल्डिन लास व्हेगासच्या घरी परतली, तेव्हा तो मरून पडलेला होता. मरण कशानं आलं यावर अजून वाद आहे. थडग्यावर त्याचं नाव आहे, दोन सालं आहेत आणि खाली तो एक माणूस होता, एवढंच लिहिलंय. १९९१ मध्ये त्याचं नाव आंतरराष्ट्रीय बॉक्सिंगच्या मानकऱ्यांच्या यादीत गेलं.

बीडच्या पोरांसाठी

अनुभव कमी होता म्हणून लिस्टनचं वाटोळं झालं, असं म्हणणं सोपं आहे, पण पुरं खरं नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेही स्पर्धेतल्या धावण्याकडं उशिराच वळला. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला घडवलं. पाटोद्याचा राहुल आवारे लहानपणापासून तालमीत राहिला आणि जागतिक स्पर्धेत कांस्यपदकापर्यंत पोचला. एकाकडं वर्षं कमी होती, दुसऱ्याकडं जास्त. पण दोघांच्याही पाठीशी भल्याची माणसं होती. लिस्टनला ती तुरुंगात भेटली आणि तुरुंगाच्या दाराशीच सुटली.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि कितीतरी लेकरांची शाळा अर्ध्यावर सुटते. हंगामी वसतिगृहात राहिलेलं पोरगं निदान वर्गात तरी बसतं. गाडीत बसून फडावर गेलेलं पोरगं तेराव्या-चौदाव्या वर्षी कोयता धरतं. त्यातल्या एखाद्याच्या अंगात लिस्टनसारखी ताकद असेलही. उद्या कुणी त्याच्यापुढं पैसे आणि कागद ठेवला, तर सही करण्याआधी तो कागद त्याला वाचता आला पाहिजे. निदान वाचून दाखवणारं आपलं माणूस तरी शेजारी पाहिजे.