कोल्हापूरच्या मेस्त्रींचं आडनाव ‘पेंटर’ कसं झालं?

दुकानाबाहेरची पाटी असो की थिएटरबाहेरचं पोस्टर, काम एकच. रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं आणि आत काय मिळणार ते क्षणात सांगायचं. महाराष्ट्रात हे काम शंभर वर्षांपूर्वी फार गांभीर्यानं केलं ते बाबूराव पेंटर यांनी.

त्यांचं मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म 3 जून 1890, कोल्हापूर. कलेचं रीतसर शिक्षण नव्हतं, पण वडील कारागीर असल्यामुळे हत्यारं आणि रंग घरातच होते. चुलत भाऊ आनंदराव यांच्या जोडीनं ते संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. दोघांचं काम इतकं गाजलं की लोक त्यांना ‘पेंटर’च म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं.

नाटकाचा पडदा शेवटच्या रांगेतूनही कळावा लागतो. तिथं बारीक नक्षी वाया जाते. ठळक आकार, उजेड-सावलीचा फरक आणि मोजके रंगच कामी येतात. हीच नजर पुढे त्यांच्या पोस्टरमध्ये आली.

पडद्याकडून पोस्टरकडे

सिनेमानं दोघा भावांना वेड लावलं होतं. पण 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी जिद्द सोडली नाही. दामले यांच्या मदतीनं त्यांनी देशी कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

आता प्रश्न होता लोकांना थिएटरपर्यंत आणायचा. 1921 च्या जनगणनेत देशात शंभरात जेमतेम सात माणसं साक्षर होती. अशा वेळी नुसता मजकूर छापून काय उपयोग? बाबूरावांनी चित्रालाच बोलतं केलं. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर भारतीय सिनेमाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध सचित्र पोस्टरांपैकी एक मानलं जातं. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. म्हणजे बाहेर लांबून दिसणारं चित्र, आणि जवळ आलेल्याच्या हातात सविस्तर माहिती!

शिष्य पुढे गेले

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले. त्यांनी ‘प्रभात’ काढली. थोड्याच काळात बोलपट आले आणि बाबूरावांची कंपनी बंद पडली. ते पुन्हा चित्र आणि शिल्पाकडे वळले. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

आजच्या दुकानदारासाठी काय?

जालना जिल्ह्यातल्या जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी दुकान असलं, तरी हिशेब तोच आहे. फ्लेक्स स्वस्त झाला म्हणून त्यावर दहा फोटो, पाच फोन नंबर आणि सगळ्या मालाची यादी कोंबली, तर मोटारसायकलवरून जाणाऱ्याला काहीच कळत नाही.

• बाहेरच्या बोर्डावर एकच मोठं चित्र आणि दुकानाचं नाव ठेवा.
• अक्षरं आणि मागचा रंग यांत ठळक फरक हवा.
• भाव, साइज, ऑफर ही माहिती आत, त्या-त्या मालाशेजारी लावा.
• बोर्ड लावण्याआधी रस्त्याच्या पलीकडून बघा. तिथून कळला नाही, तर मजकूर कमी करा.

बोर्ड गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणतो. पुढचं काम मालाचं. बाबूरावांनी पोस्टरइतकीच मेहनत सिनेमावरही घेतली होती, म्हणून आत आलेला प्रेक्षक शेवटपर्यंत बसून राहायचा.