अस्सल कोल्ट

सॅम्युएल कोल्ट हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना काउबॉयच्या पिक्चरमुळे माहीत असतं. टीव्ही रूममध्ये असा एखादा पिक्चर लागला की हिरोच्या कमरेचं ते रिव्हॉल्व्हर लगेच ओळखू येतं. गंमत म्हणजे पिक्चरमध्ये सर्वांत जास्त दिसणारं ते मॉडेल १८७३ सालचं, आणि कोल्ट वारला १८६२ साली. म्हणजे ज्या पिस्तुलामुळे तो आज घराघरांत माहीत आहे, ते त्याने डोळ्यांनी पाहिलंही नाही.

त्याच्या हयातीत बनलेली पिस्तुलं आज इंटरनेटवर विकायला येतात. एकच मॉडेल, एकाच काळातलं, आणि तरी दोघांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक. हा फरक कशामुळे पडतो, हे शोधता शोधता मी या माणसाच्या चरित्रापर्यंत पोचलो. आता माझं ठाम मत झालंय की कोल्टचं आयुष्य नीट कळलं तर त्याचं पिस्तूल अस्सल की नकली, हे निम्मं तिथेच कळतं.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी झाला. आई लहानपणीच गेली. १८३० साली, म्हणजे आपण दहावी-अकरावीत असतो त्या वयात, हा पोरगा कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. आणि जहाज कुठे निघालं होतं? थेट आपल्या कलकत्त्याला! याच सफरीत त्याने फिरणाऱ्या सिलिंडरचं लाकडी मॉडेल कोरून बनवलं. जहाजाच्या चाकावरून त्याला कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. पण एलिशा कॉलियर नावाच्या माणसाने अशाच फिरत्या सिलिंडरच्या बंदुकीचं पेटंट १८१८ साली लंडनला घेतलं होतं, आणि त्या बंदुका हिंदुस्थानात पोचल्याही होत्या. कोल्टने त्या पाहिल्या का, यावर जाणकार अजून वाद घालतात. म्हणजे अस्सल की नक्कल, हा प्रश्न कोल्टच्या मागे अगदी पहिल्या दिवसापासून लागलेला आहे.

घरी परतल्यावर मॉडेल लोखंडात उतरवायला पैसे नव्हते. मग या पठ्ठ्याने काय करावं? स्वतःला कलकत्त्याचा वगैरे डॉक्टर म्हणवून घेत त्याने गावोगावी लाफिंग गॅसचे प्रयोग लावले. तिकिटाच्या पैशांतून कारागिरांची मजुरी निघायची. बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सनने त्याचे सुरुवातीचे बरेचसे नमुने हाताने घडवले. पिअर्सनची मजुरी मात्र कायम थकलेली असे. पेटंटवर नाव आलं ते एकट्या कोल्टचं.

अमेरिकन पेटंट मिळालं २५ फेब्रुवारी १८३६ रोजी, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. यंत्रणा आपल्या भाषेत सांगायची तर पॉल आणि रॅचेट. हॅमर मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो आणि बरोबर नळीसमोर येऊन लॉक होतो. डिझाइन उत्तम, पण धंदा बसला. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा त्याचा कारखाना १८४२ साली बंद पडला. मधली वर्षं त्याने पाण्याखालच्या सुरुंगांमागे घालवली.

१८४६ साली अमेरिका-मेक्सिको युद्ध सुरू झालं आणि नशीब फिरलं. टेक्सासच्या सॅम्युएल वॉकर या कॅप्टनने कोल्टसोबत बसून डिझाइन सुधारलं, आणि सैन्याने एक हजार नगांची ऑर्डर दिली. कोल्टकडे कारखाना नव्हता, म्हणून ही पिस्तुलं १८४७ साली एली व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात बनली. गिफ्ट आणि खासगी विक्रीसाठी आणखी साधारण शंभर. वजन दोन किलोंच्या वर, दारू इतकी ठासायची की कित्येकांचे सिलिंडर फुटले. त्यामुळे आज वॉकर कोल्ट फार थोडी शिल्लक आहेत, आणि म्हणूनच तिच्या नकला भरपूर! मूळ पेटीसकट एक वॉकर २०१८ साली अमेरिकेत लिलावात १८ लाख ४० हजार डॉलर्सना गेली.

त्या ऑर्डरच्या जोरावर कोल्ट हार्टफर्डला परतला. एलिशा रूट नावाचा विलक्षण हुशार मेकॅनिक त्याने कारखान्यावर आणला. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात पिस्तुलं मांडली, आणि त्याच वर्षी तिथल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत यंत्रांनी बंदुका कशा बनवायच्या, यावर पेपर वाचला. १८५३ साली लंडनमध्ये कारखाना काढला. १८५५ साली हार्टफर्डला नदीकाठी निळ्या घुमटाचा प्रचंड कारखाना उभा केला. रशियाचा झार आणि तुर्कस्तानचा सुलतान एकमेकांशी लढत होते, आणि कोल्टने दोघांनाही सोन्याची नक्षी केलेली पिस्तुलं भेट दिली होती! माणूस इंजिनिअर जितका, त्याहून पक्का सेल्समन.

आता मुद्द्याची गोष्ट. कोल्टचं स्वप्न होतं की कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही पार्ट दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलात बसावा. इंटरचेंजेबिलिटी हा शब्द आपण पुस्तकात दोन मार्कांसाठी पाठ करतो, त्यासाठी त्याने आयुष्य घातलं. पण ते स्वप्न पूर्ण झालं नाही. पार्ट मऊ असताना यंत्रावर कापायचे, मग कारागीर कानस घेऊन एकमेकांत बसवायचे, आणि नंतर हार्डनिंग. हार्डनिंगच्या वेळी पार्टांची सरमिसळ झाली तर परत बसणार नाहीत, म्हणून एका पिस्तुलाच्या सगळ्या पार्टांवर एकच नंबर ठोकायचे. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबवर आपण रोल नंबर पंच करतो ना, तसाच प्रकार. माझा मेल पीस तुमच्या फिमेल पीसमध्ये बसत नाही, हे आपण सगळे जाणतोच.

कोल्टचं हेच अपयश आज अस्सलपणाची पहिली खूण आहे. फ्रेम, नळी, सिलिंडर, ट्रिगर गार्ड, बॅकस्ट्रॅप, अगदी नळी धरून ठेवणारी छोटी पाचर, या सगळ्यांवरचे नंबर जुळले तर किंमत चढते. एक जरी वेगळा निघाला तरी कळतं की दोन पिस्तुलांचं मिळून एक केलंय.

मग लबाड लोक काय करतात? जुना नंबर घासून नवा ठोकतात. वर्कशॉपमध्ये सीनियरचा जॉब मिळवून असाच उद्योग करणारे वीर तुम्हाला माहीत असतीलच! पण धातू खोटं बोलत नाही. पंच मारला की आकड्याच्या कडेला धातू किंचित वर उचलला जातो. घासलं की ती कड जाते आणि त्या जागी बारीकसा खळगा राहतो. आतल्या थरातलं दबलेलं मेटल तर ॲसिड लावल्यावर जुना आकडा पुन्हा दाखवू शकतं.

दुसरी खूण सिलिंडरवरच्या चित्राची. वॉकरवर टेक्सासचे घोडेस्वार आणि कोमांची यांची लढाई आहे, तर १८५१ च्या नेव्ही मॉडेलवर समुद्रातली लढाई. वॉटरमन ऑर्म्सबी या कारागिराने कोरलेल्या डायवरून ही चित्रं रोलरने दाबून उमटवत. रेषा उथळ, त्यामुळे वापराने आधी तीच झिजते. आता फोटोत चित्र पुसट आणि त्यावरचा निळा-काळा थर मात्र गडद, एकसारखा दिसला, तर समजावं की पॉलिश करून नवं ब्ल्यूइंग चढवलंय. अशा पिस्तुलाच्या कडा गोलसर होतात, स्क्रूच्या भोकांभोवतीची जागा खोलगट दिसते. पितांबरी लावून तांब्या चकचकीत करावा तसं हे चालत नाही. इथे चमक आली की किंमत घसरते.

तिसरी खूण नळीवरचा पत्ता. लंडनच्या कारखान्यातल्या पिस्तुलांवर लंडनचा पत्ता आणि ब्रिटिश प्रूफचे शिक्के हवेत. हार्टफर्डला बनलेल्या बऱ्याच पिस्तुलांवर पत्ता मात्र न्यूयॉर्कचा असतो, त्यामुळे न्यूयॉर्क दिसलं म्हणून नकली समजू नये. नकला कोल्टच्या हयातीतच बेल्जियममध्ये होत होत्या. आपल्या काळातल्या चांगल्या प्रतिकृती इटलीतून येतात. त्यांच्यावर इटलीच्या प्रूफचा शिक्का आणि वर्षाचा कोड असतो. तोच भाग घासलेला दिसला तर विकत घेणाऱ्याने हात जोडावेत.

फोटोवरून इतकं कळतं. वजन, नळीचं माप, स्क्रूचे आटे, हे पिस्तूल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून माल परत घेण्याची हमी न देणाऱ्याकडून घेऊच नये, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या गोष्टीला कागदाचा आधार नसेल तर तिचे पैसे मोजू नयेत.

कोल्ट १० जानेवारी १८६२ रोजी गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. १८६४ साली कारखान्याला आग लागली. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने तो पुन्हा उभा केला. १९०५ साली ती गेल्यावर कोल्टचा खासगी शस्त्रसंग्रह तिच्या इच्छेप्रमाणे हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ ॲथेनियम या म्युझियमला मिळाला.

त्याचं माल विकणं हे शेवटी माणसं मारण्याचं साधन विकणं होतं, हे मी विसरलेलो नाही. सिलिंडरवरच्या चित्रात घोडेस्वार दिसतात तसे त्यांच्या गोळ्या खाणारे कोमांचीही दिसतात. पण शिकणाऱ्याने त्याच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. पेटंटची कल्पना कॉलियरची की कोल्टची, हा वाद कदाचित कधीच मिटणार नाही. मात्र कोणा अनाम कारागिराने कानशीने घासून, जुळवून, मग ठोकलेला तो छोटा नंबर पावणेदोनशे वर्षांनंतरही खरं तेच सांगतो. हार्टफर्डच्या त्या कारागिरांना आपल्या नंबरामुळे कधी लाखोंचे व्यवहार ठरतील, याची कल्पनाही नसेल. त्यांनी फक्त आपला जॉब नीट केला होता.